कंबर बत्तीस

"आधी काटा शून्यावर आण," काटेसाहेब म्हणाले.

मॉनिटरला दोरी बांधून तो उचलायच्या बेतात असलेला भंगारवाला तसाच ओणवा राहिला. दाराच्या कडीला अडकवलेल्या त्याच्या स्प्रिंगच्या काट्याची सुई, काही टांगलेलं नसतानाही, शून्याच्या जराशी अलीकडे थांबली होती. साध्या माणसाला ते दिसलं नसतं. काटेसाहेबांना खोलीच्या पलीकडच्या टोकाला, खुर्चीत बसून दिसलं.

"साहेब, रिटायर होऊन किती वर्षं झाली?" भंगारवाल्याने खिशातून पक्कड काढत विचारलं.

"नऊ."

"आणि नजर अजून ड्युटीवरच! माझ्या बापाचा काटा तुम्हीच जप्त केला होता, आठवतं? मरेपर्यंत तुमचा विषय काढायचा."

"शिव्या देत असेल."

"शिव्या तर द्यायचाच. पण म्हणायचा, माणूस कडू आहे, तरी दुकानातला चहा प्याला की पैसे ठेवूनच उठतो."

काटेसाहेब हे त्यांचं आडनाव नव्हतं. तीस वर्षं त्यांनी वजनमापं तपासायच्या खात्यात काढली होती. बाजारातून चालत निघाले की दुकानदार पारड्यांखाली चिकटवलेल्या मेणाच्या गोळ्या उपटायला धावत. तेव्हापासून सगळा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणू लागला आणि पुढे पोस्टातली पत्रंसुद्धा त्याच नावावर बिनचूक पोहोचू लागली. घरात मात्र ते नुसते 'अहो' होते. आठ महिन्यांपूर्वी 'अहो' म्हणणारी गेली आणि ते हाक मारण्यापुरतेही उरले नाहीत.

भंगारवाल्याने सुई सरळ केली आणि मॉनिटर पुन्हा उचलणार, तोच काटेसाहेबांचा फोन वाजला. लांबच्या शहरातून लेकीचा होता.

"बाबा, तो जुना कॉम्प्युटर दिलात का?"

"देतोच आहे."

"थांबा, देऊ नका. त्यात आईचे फोटो असतील. रविवारी येते मी, एकदा बघते, मग खुशाल द्या."

भंगारवाला समजूतदार होता. दोरी सोडत म्हणाला, "रविवारी संध्याकाळी येतो. तोवर काय, वजन काही कमी होत नाही त्याचं."

तो गेल्यावर काटेसाहेबांनी मॉनिटर पुन्हा टेबलावर ठेवला, जोर लावताना पँट खाली घसरली ती एका हाताने सावरली, आणि कॉम्प्युटरवर त्याचा अभ्रा चढवला. निळ्या जाड कापडाचा, कडांना पांढरी पट्टी लावलेला अभ्रा. एकोणीस वर्षांत धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला होता, पण एक टाका उसवला नव्हता. तो तिने तिच्या शिलाई मशीनवर शिवला होता. त्या मशीनवर शिवलेली ती शेवटची वस्तू.

मशीन तिचं होतं. लग्नानंतर चार वर्षं हाताने कपडे शिवून, त्या पैशांतून तिने ते घेतलं होतं. खिडकीशी मांडलेलं, पायाने चालवायचं. दुपारी तीनला भांडीकुंडी आवरली की ती त्यावर बसे आणि उजेड जाईपर्यंत घरात त्याची खटखट चाले. गल्लीतल्या निम्म्या पोरांचे गणवेश, नर्सबाईंचे कोट, वाचनालयाचे पडदे, सगळं त्या खिडकीतून बाहेर पडलं. माप घ्यायला तिला टेप लागत नसे. माणूस दारात उभं राहिलं की ती एकदा वरपासून खालपर्यंत बघे आणि म्हणे, "झालं, या आता." काटेसाहेबांना याचा फार राग येई. "अगं, अंदाज म्हणजे माप नव्हे," ते म्हणत. "अंदाजावर चाललं असतं तर सरकारने मला पगार कशाला दिला असता?" ती म्हणे, "तुमचं वजन उचलावं लागतं, म्हणून मोजावं लागतं. माझं अंगावर बसतं." आणि ते बसे, ही खरी पंचाईत होती. काटेसाहेबांनी चोरून तिच्या कपड्यांना टेप लावून पाहिली होती. पाव इंचाचा फरक कधी सापडला नाही.

लेक नववीत गेली तेव्हा कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं. ज्याच्या घरी तो नाही त्याच्या पोराचं काही खरं नाही, असं शाळेतले शिक्षकच सांगू लागले. किंमत अशी, की काटेसाहेबांचा पगार तिच्यापुढे किरकोळ वाटावा. आणि या खात्यात राहून लाच न घेता कोरडे राहिलेले जे दोन-तीन वेडे होते, त्यांतले ते एक. कर्ज काढलं, तरी शेवटचा तुकडा अपुरा पडला. मग एका संध्याकाळी जेवता जेवता ते म्हणाले, "मशीनला मशीन. एक जाईल, एक येईल. तुझेही डोळे आता दुखतातच."

ती काही बोलली नाही. आमटीचं पातेलं पुढे सरकवून तिने एवढंच विचारलं, "न्यायला कधी येणार?"

खात्यात एक रीत होती. तपासणी चालू असताना समोरचा गप्प राहिला की कागदावर 'हरकत नाही' असं लिहून मोकळं व्हायचं. काटेसाहेबांनी तीस वर्षांत हजारो वेळा तसं लिहिलं होतं. त्या संध्याकाळी घरीही त्यांनी तेच केलं, कागद तेवढा नव्हता.

दोन दिवसांत तिने हातातली सगळी कामं उरकली. कॉम्प्युटर तिने फक्त एकदा, दुकानाच्या काचेआड पाहिला होता. मशीन न्यायला माणूस आला तेव्हा ती अभ्र्याचा शेवटचा दोरा तोडत होती. पुढे कॉम्प्युटर घरी आला आणि तो अभ्रा त्याच्यावर असा बसला, की दुकानदार म्हणाला, "कंपनीचा दिसतोय."

सौदा फायद्याचा ठरला, यात वाद नाही. लेक त्या कॉम्प्युटरवर शिकली, पुढे त्यातच नोकरीला लागली, तिचं आयुष्य मार्गी लागलं. काटेसाहेब हा हिशोब मनातल्या मनात कितीदा तरी तपासत. एका पारड्यात लेकीचं आयुष्य, दुसऱ्यात लोखंडाचं एक जुनं मशीन. पारडं कुठे झुकतं ते सांगायला काटा कशाला हवा? पण तरी ते पुन्हा पुन्हा तपासत आणि हेच त्यांना खटके. चोख वजन कुणी दुसऱ्यांदा तपासत नाही.

ती आजारी पडली, हॉस्पिटलमध्ये निजून राहिली, तेव्हा चादरीखाली तिचे पाय हलत. आधी बोटं खाली, मग टाच खाली, एका लयीत. तिथली नर्स घाबरली, फिट आली असं समजून डॉक्टरांना बोलवायला निघाली. मग वाकून तिने विचारलं, "आजी, पाय का हलवताय?"

"थोडंच राहिलंय," ती म्हणाली.

ते तिचे शेवटचे नीट बोललेले शब्द. काटेसाहेब शेजारी बसले होते. त्या क्षणी विचारायला हवं होतं, की अगं, मशीन विकलं त्याचा तुला राग आला होता का? त्यांनी विचारलं नाही. उद्या विचारू म्हणाले, आणि उद्या ती शुद्धीवरच नव्हती.

आणि ती गेल्यावर पंधराच दिवसांनी घरात तो आवाज सुरू झाला.

दुपारी तीनच्या सुमाराला. खट खट, खट खट. हलका, लयीतला. काटेसाहेबांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी रीतसर तपासणी केली. नळ बंद करून पाहिला, पंखा बंद करून पाहिला, वरच्या मजल्यावर जाऊन विचारून आले. डायरीत वार आणि वेळा लिहिल्या. आवाज खिडकीपाशीच यायचा, जिथे आता कॉम्प्युटरचं टेबल होतं आणि जिथे पूर्वी ते मशीन होतं. ते उठून खोलीभर शोधायला लागले की तो थांबे. पुन्हा टेबलापाशी येऊन, डोळे मिटून बसले की थोड्या वेळाने परत सुरू. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. महिनाभराने मात्र ते तीन वाजायची वाट बघू लागले. जेवण नावापुरतं उरकून खुर्चीत येऊन बसत. राग असेल, तर असू दे. आली तर आहे.

हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. लेकीला तर नाहीच.

रविवारी सकाळी लेक आली. आल्या आल्या तिने बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, किती वाळलात! फोनवर दिसत नाही हो असं."

"फोनवर तू माझ्याकडे कुठे बघतेस? तू खालच्या ओळी वाचत असतेस."

ते खरं होतं, हे लेकीला ठाऊक होतं. आईशी बोलतानाही ती तेच करायची. आईला तिने चांगला महागातला फोन घेऊन दिला होता. आईने त्याला पिशवी शिवली होती, हातानेच. कॅमेऱ्याच्या इतकी जवळ येऊन बोलायची, की पडद्यावर नुसतं कपाळ दिसे, आणि त्या कपाळाशी बोलता बोलता लेक ऑफिसची कामं निपटून टाकी.

"तुला कधी वाटतं का," काटेसाहेबांनी विचारलं, "की महाग पडला तो कॉम्प्युटर?"

"ते मी बोलायला नको, बाबा. मला तो फुकट पडला. किंमत आईने दिली."

दुपारची जेवणं झाली. काटेसाहेबांनी अर्ध्या ताटावरूनच हात धुतला. लेकीने अभ्रा काढून त्याची घडी केली, तारा जोडल्या. कॉम्प्युटर आधी कण्हला, मग घोंघावला, आणि बऱ्याच वेळाने पडदा उजळला. काटेसाहेब त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, लेक स्टुलावर.

"फोटो फारसे नाहीत," ती शोधत म्हणाली. "आई यावर काय करायची हो?"

"पत्ते खेळायची. तूच शिकवलं होतंस ना? तू हॉस्टेलला गेलीस आणि हिला छंद लागला. मी कधी लवकर घरी आलो की, आणि रिटायर झाल्यावर दुपारी वाचनालयातून परतलो की, पडद्यावर पत्ते मांडलेले. मी चिडवायचो, आज किती हरलीस म्हणून."

"मी पत्ते शिकवले नव्हते," लेक म्हणाली. "मी टायपिंग शिकवलं होतं. त्या सुट्टीत मागेच लागली होती. पत्ते तिचे तिनेच शोधले असतील." आणि तिने पडद्यावर बोट ठेवलं. "बाबा, इथे 'शिवण' नावाचं काहीतरी आहे."

तिने उघडलं. आत वर्षावार फाईल होत्या. सोळा वर्षं. लेक पहिली फाईल मोठ्याने वाचू लागली.

"सोमवार. समोरच्या नर्सबाई. कोट. छाती छत्तीस. डावा खांदा पाव इंच खाली, पिशवी त्याच खांद्यावर घेतात. कापड पांढरं, जरा जाड. बटणं चार. झाला.

मंगळवार. पोस्टमनची धाकटी. फ्रॉक. उंच होणार आहे, खालची दुमड दोन इंच ठेवली. कापड पिवळं. झाला.

बुधवार. वाचनालयाचे पडदे. जुने मीच शिवलेले, उन्हाने विटले आहेत. बारा. आज चारच झाले."

गुरुवारच्या खाली आणखी चार, शुक्रवारी आणखी चार. मग, "झाले."

लेक वाचता वाचता वळली. "बाबा, हे तिने कधी शिवलं? मशीन तर…"

"मशीन नव्हतं."

"म्हणजे हे सगळं…"

काटेसाहेबांना आता उमगलं. रोज दुपारी तीनला ती या खुर्चीत बसे आणि खिडकीतून जाणाऱ्या माणसांची मापं नजरेने घेऊन, न आणलेल्या कापडाचे, न शिवलेले कपडे शिवून पुरे करी. नवऱ्याची चाहूल लागली की वर पत्ते मांडी. आणि तो चष्मा पुसत विचारी, आज किती हरलीस?

त्यांच्या डोळ्यांसमोर पडदा पुसट झाला. लेक पुढची वर्षं उघडत राहिली. नर्सबाईंची मापं वाढत गेली, पोस्टमनच्या धाकटीचं लग्न झालं, तिच्या बाळाची झबली आली. प्रत्येकापुढे झाला, झाली, झालं.

आणि तेवढ्यात तो आवाज सुरू झाला. खट खट, खट खट.

काटेसाहेबांनी लेकीचा हात घट्ट धरला. "ऐकू येतंय? तुलाही ऐकू येतंय ना?"

"काय?"

"मशीन. रोज येतं. याच वेळी. मी कुणाला बोललो नाही. तिचं काम राहिलंय अजून."

लेक क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. वर आली तेव्हा तिचा चेहरा रडवेला झाला होता.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तो तुमचा पाय आहे."

त्यांनी खाली पाहिलं. खुर्चीखालची एक फरशी सैल होती. तिच्यावर त्यांचा उजवा पाय, आधी बोटं खाली, मग टाच खाली, आपला आपण हलत होता. त्यांनी पाहताच तो थांबला. आवाजही थांबला.

कोडं सुटलं होतं. काटेसाहेबांना हायसं वाटायला हवं होतं. पण वाटलं नाही. आठ महिने ती रोज तीनला येत होती, आणि आता ती कधीच आली नव्हती असं झालं. घर पहिल्यांदाच पुरतं रिकामं झालं.

"शेवटचं वाच," ते म्हणाले. "ती कुठे थांबली ते वाच."

लेकीने शेवटची फाईल उघडली. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवसाची नोंद होती. ती वाचायला लागली आणि तिला वाचवेना. काटेसाहेबांनी चष्मा चढवला आणि स्वतःच वाचलं.

"शनिवार. यांची पँट. कंबर चौतीस. पण बत्तीसच धरते. मी नसताना नीट जेवणार नाहीत. कापड राखाडी, टिकाऊ. खिसा आत खोल हवा, किल्ल्या पाडतात."

पुढे काही नव्हतं. सोळा वर्षांतली ही एकच नोंद अशी, जिच्यापुढे 'झाली' लिहिलेलं नव्हतं.

मग काटेसाहेब उठले. कपाटाच्या खणातून त्यांनी तिची टेप काढली. कापडी टेप जुनी झाली की ताणते आणि खोटं माप दाखवते, म्हणून आधी तिला आपली पोलादी पट्टी लावून पाहिली. टेप खरी होती. मग त्यांनी शर्ट वर केला आणि टेप कमरेला गुंडाळली.

"किती?" लेकीने विचारलं.

त्यांनी पुन्हा मोजलं. श्वास सोडून मोजलं, श्वास घेऊन मोजलं.

"एकतीस."

आयुष्यात पहिल्यांदा तिचा अंदाज चुकला होता. अख्ख्या एका इंचाने. काटेसाहेब टेप हातात धरून उभे राहिले आणि मग त्यांना रडू फुटलं. हॉस्पिटलात आलं नव्हतं, स्मशानात आलं नव्हतं, ते आता आलं. लेकीने त्यांना जवळ घेतलं. किती वाळलेत ते तिला आत्ता हाताला लागलं.

संध्याकाळपर्यंत तिने सगळ्या फाईल स्वतःच्या फोनमध्ये घेतल्या आणि वडिलांच्याही फोनमध्ये घातल्या. काटेसाहेबांनी तो फोन तळहातावर घेऊन वरखाली केला.

"एवढी सोळा वर्षं आत गेली. याचं वजन किती वाढलं?"

"काहीच नाही, बाबा."

"काहीच नाही?" त्यांनी पुन्हा एकदा हात वरखाली केला. त्यांच्या हाताला काही ते पटलं नाही.

भंगारवाला ठरल्या वेळी आला. आल्या आल्या त्याने काटा कडीला अडकवला आणि शहाण्या मुलासारखा म्हणाला, "बघा साहेब, घरूनच शून्य लावून आणलाय."

"असू दे," काटेसाहेब म्हणाले. "घेऊन जा."

"वजन तरी बघा!"

"तू बघ."

त्याने मॉनिटर टांगला, उतरवला, मग कॉम्प्युटरचा डबा टांगला. त्याने आकडा सांगितला तेव्हा काटेसाहेब खिडकीबाहेर बघत होते. समोरून नर्सबाई घरी येत होत्या, पिशवी डाव्या खांद्यावर. भंगारवाल्याने टेबलावरचा निळा अभ्रा उचलून त्यात तारा गुंडाळायला घेतल्या.

"तो नाही," काटेसाहेब म्हणाले. "तो घरचा आहे."

भंगारवाला गेला. लेकीची गाडी आठची होती. ती बॅग भरू लागली तेव्हा स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला. तिने डोकावून पाहिलं. काटेसाहेब ओट्याशी उभे राहून दुपारचं उरलेलं अन्न गरम करत होते.

"भूक लागली, बाबा?"

"नाही," ते म्हणाले. ताटात त्यांनी वाढून घेतलं, थांबले, आणि पुन्हा एक डाव वाढून घेतला. "एक इंच भरून काढायचाय."

मग ते खाली बसले आणि अगदी सावकाश, एकेक घास नीट चावून जेवू लागले.